नाव न कोरलेलं ताट

दर महिन्याच्या पहिल्या तारखेला माझी आई माझ्या घरी येते आणि त्याच दिवशी संध्याकाळी जाते. एका महिन्यात मोठा भाऊ सकाळी तिला खराडीहून आणून सोडतो आणि संध्याकाळी धाकटा हिंजवडीला घेऊन जातो. पुढच्या महिन्यात हेच उलट्या दिशेनं. दोघांना एकमेकांच्या दारात पाऊल ठेवायचं नाही, एकमेकांचं तोंड पाहायचं नाही, म्हणून मधे आमचं कसब्यातलं घर. एस.टी. स्टँडवर सामान ठेवायची खोली असते ना, तशी मी. फरक इतकाच की तिथे निदान पावती मिळते.

मी हे रागानं लिहिते आहे, हे आधीच सांगून टाकते. शांतपणे लिहिणं मला जमणार नाही, आणि जमलं तरी तसं लिहायची माझी इच्छा नाही.

आमच्या गल्लीत चारचाकी शिरत नाही. जो कुणी आणणारा असेल तो कोपऱ्यावर गाडी थांबवतो आणि मला फोन करतो. मी दुकानातून उठून जाते. आमच्या ह्यांचं भांड्यांचं दुकान आहे, भांड्यांवर नाव कोरायचं मशीन मी चालवते. कोपऱ्यावर आई उभी असते, हातात पिशवी. पिशवीत औषधांचा डबा, दोन पातळं, स्वेटर, आणि जुन्या लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलेलं एक काशाचं ताट. चांगलं जड ताट आहे. दोन्ही सुनांनी तिला समजावून पाहिलं की ते एका ठिकाणी ठेवा, दर महिन्याला कशाला ओझं. ऐकेल ती आई कसली.

त्या ताटावर नाव नाही. आमच्या दुकानात येणारी माणसं चमच्यावरसुद्धा नाव घालून घेतात, आणि मी एवढी नावं कोरणारी बाई, तरी आईच्या ताटाला मला हात लावू दिला नाही तिनं. म्हणाली, "नाव कोरलं का ते एकाचं झालं. मंग दुसरा त्यात काहून जेवन?"

हे समजायला आमची आई कोण होती ते सांगायला हवं. आम्ही पूर्व विदर्भातल्या एका लहान गावचे. एक बाजाररस्ता, एक तांदळाची गिरणी, विड्यांचा कारखाना आणि भोवती भातशेती, एवढंच गाव. तिथे माझ्या आईला सगळे मोठीमाय म्हणायचे. म्हातारे म्हणायचे, पोरं म्हणायची, पोलीस चौकीतले जमादारही म्हणायचे. आम्ही तिला नुसतं माय म्हणायचो. पुण्यात आल्यावर माझे भाऊ बायकांसमोर तिला आई म्हणायला लागले, आणि खरं सांगायचं तर मीही.

गावात भांडण झालं की लोक आधी आमच्या अंगणात यायचे. नवराबायकोचं, सासूसुनेचं, बांधाचं, नळाचं, कोंबडीचं, कशाचंही. माय सूप घेऊन तांदूळ निवडत बसायची. एकाला म्हणायची, बोल. तो बोलेपर्यंत दुसऱ्यानं ब्र काढायचा नाही. मग दुसऱ्याला, बोल. ती मान वर करून बघायचीसुद्धा नाही, खडे काढत राहायची. मी लहानपणी विचारलं होतं की तू त्यांच्याकडे बघत का नाहीस. म्हणाली, "पायलं का माणूस रडते, नाही तं नाटक करते. नाही पायलं का खरं बोलते."

दोघांचं बोलून संपलं की ती फारसा निवाडा करायचीच नाही. दोनचार शब्द बोलायची आणि आत जाऊन ते काशाचं ताट घेऊन यायची. भात, वरण, असेल ती भाजी, एकाच ताटात. भांडणाऱ्या दोघांनी समोरासमोर बसून त्यातच जेवायचं आणि ताट रिकामं होईपर्यंत उठायचं नाही. हीच तिची रीत. पहिले चार घास कुणाच्याच घशाखाली उतरायचे नाहीत. मग कुणीतरी भात संपत आला की दुसऱ्याच्या बाजूला सरकवायचा. माय तेवढ्याचीच वाट बघत असायची. भात सरकवला की ती उठून पाणी आणायला जायची, म्हणजे काम झालं.

सुरुवातीला लोकांनी जातीवरून कुरकुर केली. एका ताटात कसं जेवायचं, याचा हात, त्याचा हात. माय म्हणाली, शिव्या देताना एकमेकाच्या आईबहिणीपर्यंत पोचलात तेव्हा जात नाही आठवली, आता भाताला कशी आठवली? जे जेवायला तयार नसायचे त्यांना ती सरळ चौकीचा रस्ता दाखवायची. हळूहळू चौकीत जाणारे कमी झाले.

ही रीत तिला कुणी शिकवली नव्हती. ती उपाशी राहून शिकली होती. तिची आई ती रांगत असताना गेली आणि बाप दुसरं लग्न करून निघून गेला. मामाच्या घरी वाढली. मामामामीचं रोजचं भांडण. भांडण झालं की मामी चूल पेटवायची नाही, मामा बाजारात जाऊन खाऊन यायचा, मामीची स्वतःची पोरं आजोळी पळायची. उरायची ही. हिला जायला दुसरं घर नव्हतं. मला एकदा म्हणाली होती, "भांडण कोणाचंबी असो, पयले चूल विझते. अन् उपाशी तेच राहते ज्याचा भांडणाशी काही संबंध नाही." म्हणून सात-आठ वर्षांची असताना तिनं मामामामीच्या मधे बसून दोघांना एकेक घास भरवायला सुरुवात केली, एकाच थाळीतून. शाळा तिसरीत सुटली. विड्या वळायला बसली. बोटांना तंबाखूचा वास कायमचा राहिला, अजून आहे.

पुढे लोकांनीच तिला नगरपंचायतीला उभं केलं आणि ती निवडून आली. विडीकामगारांच्या आळीत नळ आणला, मुलींच्या शाळेला संडास बांधून घेतले. तिला खुर्चीत बसवत नसे, बैठकीतही ती शेंगा नाहीतर भाजी निवडायला घेऊन जायची असं लोक हसून सांगायचे. पण तिचं खरं काम अंगणातच. ती मेंबर झाली काय, न झाली काय, लोक ताटासाठी यायचे.

तिचा एकच कडक नियम होता. दोन भाऊ भांडत आले की ती काहीही ऐकण्याआधी विचारायची, "तुमची माय हाय का जिती?" आहे म्हटलं की सूप खाली ठेवायची. मग माझ्याकडे काय आलात, उठा, तिच्याकडे जा. गिरणीमागच्या गल्लीतले दोघे भाऊ मला आठवतात. अंगणातल्या भिंतीवरून डोकी फुटायची वेळ आलेली. त्यांना तिनं असंच परत पाठवलं. दुसऱ्या दिवशी त्यांची म्हातारी पदराखाली मेथीची जुडी घेऊन आली, मायच्या हातात ठेवली आणि काही न बोलता गेली. जी घरात कुणाच्या खिजगणतीत नव्हती तिला पोरांनी आदल्या रात्री मधे बसवून विचारलं होतं. माय ती मेथी निवडताना रडली. मला वाटलं होतं कांदा चिरतेय.

आता माझ्या भावांचं.

बाबा गिरणीत कामाला होते. गरीब माणूस, मायच्या सावलीत सुखात राहिलेला. ते आजारी पडले तेव्हा मोठा खराडीत नोकरीला होता आणि धाकटा नुकताच हिंजवडीत लागला होता. मोठ्याचं म्हणणं, पुण्याला आणू, इथे मोठे डॉक्टर आहेत. धाकट्याचं म्हणणं, हलवू नका, त्यांना सोसणार नाही, त्यांना घरीच राहायचंय. फोनवर दोन दिवस हीच खडाजंगी. शेवटी मोठा गावी गेला आणि बाबांना गाडीत घालून निघाला. अर्ध्या वाटेवर बाबा गेले. रस्त्यात, कुठल्याशा ढाब्याच्या पुढे.

स्मशानात धाकटा मोठ्याला म्हणाला, "तू मारलंस त्यांना." आणि मोठा म्हणाला, "तू तर भेटायलाही आला नव्हतास, तू बोलूच नकोस." झालं. दोन वाक्यं. यात ना जमीन होती, ना घर होतं. वाटणीचं भांडण असतं तर मोजमाप करून मिटलं असतं. हे कशानं मिटवायचं? दोघांनाही बाप हवा होता, एवढाच दोघांचा गुन्हा.

तेराव्याला मायनं ताट काढलं. पांढऱ्या कपाळानं स्वतः वाढलं. मोठा येऊन बसला. धाकट्यानं बॅग उचलली आणि स्टँडवर गेला. अर्धा तास मोठा बसून राहिला, मग तोही उठला. ते ताट भरलेलं उचललं गेलं, असं पहिल्यांदाच झालं. मायनं तो भात गाईला घातला.

गावानं ते पाहिलं. गाव कशाला सोडतंय? दिव्याखाली अंधार, असं बायका नळावर बोलायला लागल्या, आणि तो नळ मायनंच आणलेला. पण लोकांनी बोलण्याआधीच तिनं अंगणात बसणं सोडलं होतं. कुणी आलं तर म्हणायची, "जिचे पोरं आयकत नाहीत तिचं तुम्ही काहून आयकता? जा बाप्पा घरी." माणसं दारातून परत जायची. हयातभर जे केलं ते एका दुपारी संपलं, आणि संपवणारे तिच्याच पोटचे. मला याचा इतका संताप येतो की लिहिताना हात थांबतो.

एकटी राहायला लागली तशी ती विसरायला लागली. आधी दुधावर झाकण, मग गॅस. एक दिवस गिरणीच्या दारात जाऊन बाबांचा डबा घेऊन उभी राहिली. गिरणीवाल्यांनी मला फोन केला. मग पुण्याला आणलं, आणि हे महिन्यामहिन्याचं सुरू झालं.

भाऊ वाईट नाहीत, हेच तर दुखणं आहे. मोठा तिला रोज सोसायटीत फिरवून आणतो. धाकटा ऑफिसातून दुपारी तिला व्हिडिओ कॉल करतो, जेवलीस का विचारतो. सुनाही करतात. त्या दोघी तर एकमेकींशी फोनवर बोलतात, औषधं कुठली संपली, रात्री झोपली का. फक्त हे दोन बैल एकमेकांकडे बघत नाहीत. मी किती वेळा बोलले. समजावून सांगितलं, शिव्या दिल्या, रडले. पालथ्या घड्यावर पाणी. मोठा म्हणतो, "त्यानं माफी मागावी." धाकटा म्हणतो, "ताई, तो विषय सोडून बोल." पुण्याच्या पाण्याचा गुण असेल, दोघंही फार सभ्यपणे क्रूर वागायला शिकलेत.

आणि आई दर पहिल्या तारखेला कोपऱ्यावर उतरली की पहिलं विचारते, "धाकटा आला का?" धाकट्यानं आणलं असेल तर, "मोठा आला का?" मी म्हणते, संध्याकाळी. ती म्हणते, "मंग याले थांबव ना संध्याकाळपर्यंत. गाडी कुठी पळून चालली?" तोवर गाडी पळालेली असते.

भाऊबीजेला मला वाटलं, आता जातील कुठे. बहिणीनं ओवाळायला बोलावलंय. दोघंही आले. मोठा सकाळी दहाला, धाकटा संध्याकाळी पाचला. बायकांकडून वेळा ठरवून घेतल्या होत्या, चुकून समोरासमोर यायला नको. आईला मी आदल्या दिवशीच आणून ठेवलं होतं, ती सकाळपासून ताट घासूनपुसून मांडीवर घेऊन बसली होती. मोठ्याला तिनं थांब म्हटलं, तो म्हणाला, "आई, मीटिंग आहे." भाऊबीजेला मीटिंग. मी त्याला म्हटलं, तुझ्या साहेबाला बहीण नाही वाटतं. तो हसला आणि गेला.

त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलं की हे विसरणं वाढत जाणार. आज आहे त्यापेक्षा उद्या कमी. आई समोरच बसली होती. तिला किती कळलं कोण जाणे, पण त्या दिवशी ती पूर्ण शुद्धीत होती. रिक्षात माझा हात धरून म्हणाली, "मले काही नाही पायजे. दोघायले एकदा एका ताटात जेवताना पायचं हाय. मी वळखतो तवरच. मंग डोकं गेलं तं जाऊ दे." आमच्याकडे बायकाही जातो, येतो म्हणतात, पुण्यातल्या रिक्षावाल्यानं आरशातून पाहिलं. मी रिक्षाबाहेर बघत राहिले, कारण मला तिच्यासमोर रडायचं नव्हतं.

तेव्हापासून माझ्या डोक्यात दुसरं काही नाही. तिला ओळख आहे तोवर. दर पहिल्या तारखेला मी बघायची, अजून किती उरलीय. कधी मला माझ्या नावानं हाक मारायची, कधी मामी म्हणायची. एकदा माझ्याकडे पाहून पदर सावरला आणि विचारलं, "तुमच्या घरी चूल पेटली का?" मामाच्या घरातली ती पोर अजून उपाशीच होती. मी तिला शिरा करून भरवला.

मागच्या महिन्यात पहिली तारीख रविवारी आली. मी दोघा भावांना बजावलं, की यापुढे माझ्या घरातून ही ने-आण होणार नाही. दोघांनी रविवारी दुपारी बारा वाजता माझ्याकडे यायचं, एकमेकांसमोर बसायचं, नाहीतर आई माझ्याकडेच राहील आणि मेल्यावरच कळवीन. असं बोलावं लागलं. बोलले. धाकट्यानं फोन ठेवून दिला. मोठा म्हणाला, "बरं." आईला मी आठवडाभर आधीपासून फोनवर सांगत होते, रविवारी दोघं येणार आहेत. तिकडून ती म्हणायची, "दोघंबी?" दोघंबी. दर वेळी तिला नव्यानं आनंद व्हायचा.

मोठा तिला सकाळी घेऊन आला आणि पहिल्यांदाच गेला नाही, दुकानात ह्यांच्याजवळ बसून राहिला. मी वरण केलं, भात केला, आमच्याकडची पातोडीची भाजी केली. आई खिडकीशी सूप घेऊन बसली होती. आजकाल पाकिटातल्या तांदळात खडे सापडत नाहीत, तरी ती शोधत असते, म्हणून मी तिला देते. बाराला धाकटा आला. जिन्यावरून आधी हा, मागून मोठा, दोघं आमच्या त्या एवढ्याशा खोलीत आले आणि दोन टोकांना उभे राहिले. इतक्या वर्षांनी एका खोलीत. मोठ्याचे केस पांढरे झालेले धाकट्यानं तेव्हाच पाहिले असणार.

आईनं मान वर केली. एकाकडे बघितलं, दुसऱ्याकडे बघितलं. मग तिच्या चेहऱ्यावर जे आलं ते मी गावातलं अंगण सुटल्यापासून पाहिलं नव्हतं. ताठ बसली. सूप मांडीवर ओढून घेतलं. म्हणाली, "बसा ना बाप्पा. उभ्यानं भांडण तुटत नाही."

मला आधी कळलं नाही. मला वाटलं, बरी आहे, सगळं ठाऊक आहे तिला. दोघं बसले. ती तांदळाकडे बघत मोठ्याला म्हणाली, "तू मोठा दिसतं. बोल."

आणि मोठा बोलला. माझा विश्वास बसेना. खाली बघणाऱ्या त्या बाईसमोर तो जे बोलला ते मला कधी म्हणाला नव्हता, बायकोलाही नसेल. म्हणाला, "मी त्यांना वाचवायला नेत होतो. गाडीत ते मला म्हणाले, घरी चल. मी म्हटलं, बाबा, थोडंच राहिलंय. खोटं बोललो. खूप राहिलं होतं." मग तो थांबला. आई म्हणाली, "हं. तू बोल."

धाकटा म्हणाला, "मला फोनवर ते म्हणाले होते, मला नेऊ देऊ नको. मी यायला हवं होतं. नवी नोकरी होती, सुट्टी मागायची हिंमत झाली नाही. मी याला बोललो कारण मला स्वतःला बोलता येत नव्हतं." तो रडत होता. मोठाही. कुणी कुणाकडे बघत नव्हतं, पण दोघांचे गुडघे एकाच बाजूला वळले होते. मी हे उगाच नाही सांगत. भात सरकवण्याआधी माणसं अशीच वळायची, मी लहानपणापासून पाहत आलेय.

मी आत पळाले. ताट घेतलं. भात वाढला, वरण वाढलं, तूप घातलं. बाहेर येऊन दोघांच्या मधे ठेवलं. मोठ्यानं हात पुढे केला. एक घास, देवा, एकच घास, एवढंच माझ्या मनात चाललं होतं.

तेवढ्यात आईनं विचारलं, "तुमची माय हाय का जिती?"

खाली गल्लीत कुणीतरी स्कूटर सुरू करत होतं, ती सुरू होत नव्हती.

तिनं परत विचारलं, चढ्या आवाजात, "आयकू नाही आलं का? माय हाय का?"

धाकटा म्हणाला, "हाय." इतक्या वर्षांत त्याच्या तोंडून गावचा शब्द मी ऐकला नव्हता.

तिनं सूप खाली ठेवलं. वाकून ते ताट आपल्याकडे ओढलं, मोठ्याच्या हाताखालून. "मंग माह्याकडं काहून आले? आधी नाही सांगायचं? जितीजागती माय घरी बसली अन् तुम्ही लोकाच्या अंगणात येऊन बापाच्या गोष्टी सांगता. उठा. तिच्याकडं जा. तिनं वाढलं तं जेवा."

"माय, मी हाय," धाकटा तिच्या पायाशी सरकला, "माय, पाय ना माह्याकडं." मी म्हटलं, अगं माय, हेच ते, तुझीच लेकरं ही. ती माझ्यावर कावली. म्हणाली, "तू मधात बोलू नको. ज्या पोरायचं भांडण परक्या बाईनं तोडलं, त्यायच्या मायनं कुठी तोंड दाखवावं? मी असं पाप करत नसतो."

ती ताट सोडेना. मी धरलं तर तिनं दोन्ही हातांनी छातीशी धरलं, वरण पातळावर सांडलं. मोठा उठला. त्याच्या बोटांना भात लागला होता, तो त्यानं झटकला नाही, पुसला नाही, तसाच उठला. दारात चप्पल घालताना म्हणाला, "बघ ताई. बाबांना वाचवता आलं नाही, आणि इथे आलो तर हे. मी कशालाच हात लावायला नको." मी म्हटलं, थांब रे, थोडा वेळ थांब, येईल तिला ओळख. तो गेला. धाकटा जिन्यात जाऊन उभा राहिला, मोठा कोपऱ्यापर्यंत जाईस्तोवर थांबला आणि मग उतरला. गल्ली अरुंद आहे आमची, दोघं एका वेळी गेले असते तर खांद्याला खांदा लागला असता.

खोलीत आम्ही दोघी उरलो. आई शांत झाली होती. ताटातला भात तिनं बोटांनी सारखा केला.

"गेले का मायकडं?" तिनं विचारलं.

"हो," मी म्हटलं.

"चांगले पोट्टे हायत. लहानाच्या डोळ्यात पाणी होतं. जेवतीन बघ ते आज." मग थोड्या वेळानं म्हणाली, "त्यायची माय वाट पायत असन."

मी तिच्यासमोर बसले. ताट रिकामं झाल्याशिवाय उठायचं नाही, म्हणून आम्ही दोघींनी ते गार झालेलं अन्न संपवलं. शेवटी तिनं उरलेला भात माझ्या बाजूला सरकवला.

संध्याकाळी धाकट्याचा फोन आला, कोपऱ्यावर उभा आहे म्हणून. पहिली तारीख होती, त्याचा महिना सुरू झाला होता. मी ताट घासलं, लुगड्याच्या तुकड्यात गुंडाळलं, पिशवीत घातलं आणि आईला हाताला धरून खाली आणलं. कोपऱ्यावर आल्यावर तिनं त्याला लांबूनच ओळखलं. चेहरा उजळला तिचा. भराभरा चालायला लागली.

त्याच्या तोंडावरून हात फिरवत म्हणाली, "आला का रे राजा? एकटाच?" आणि मग माझ्याकडे वळून, "आज तं दोघंबी येणार होते ना? सकाळपासून वाट पायतो मी."

धाकट्यानं गाडीचं दार उघडलं. मी पिशवी तिच्या पायाशी ठेवली.